काटा एक, कारणं सहा

पुण्यात 'अंगावर काटा आला' हे वाक्य कुठे कानावर पडेल याचा नेम नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर ढोल-ताशाचं पथक समोर आलं की काटा येतो, घाटातल्या अपघाताची बातमी वाचली की येतो आणि डिसेंबरात पहाटे पर्वती चढताना वारं लागलं तरी येतो. तरुण मंडळी 'गूजबम्प्स आले' म्हणतात, पण दंडावरचे केस उभे राहतात ते तसेच. आनंद, धास्ती आणि थंडी या तिघांना शरीराने एकाच पंक्तीला का बसवलं असेल?

केसाच्या मुळापाशी तिरका जोडलेला एक इवलासा स्नायू असतो. तो आकसला की कललेला केस ताठ होतो आणि मुळाभोवतीची कातडी बारीक पुळीसारखी वर येते. हा स्नायू आपल्या हुकमात नाही. त्याला आदेश मिळतो तो अनुकंपी मज्जासंस्थेकडून. छातीत धडधड वाढवणारी आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करणारी यंत्रणाही तीच. (ठरवून काटा आणू शकणारी माणसं आहेत, पण अगदी विरळा.) तळहाताला केसच नाहीत, त्यामुळे कितीही घाबरलात तरी तिथे काटा येणार नाही.

दाट केसांच्या प्राण्यांना याचा उघड फायदा होतो. केस फुलले की त्यांच्यात हवा अडकते आणि ऊब टिकते. कुत्रं अंगावर आलं की मांजर शेपूट फुलवून दुप्पट दिसतं. आपल्या अंगावरच्या लवेने यातलं काहीच साधत नाही, म्हणून काटा म्हणजे उत्क्रांतीत मागे राहिलेली अडगळ, असं बरीच वर्षं मानलं जाई. 2020 साली हार्वर्ड आणि तैवानमधल्या संशोधकांनी उंदरांवर काम करून या समजाला धक्का दिला. स्नायूपर्यंत येणारी ती मज्जातंतूंची तार केसाच्या मूळपेशींनाही (स्टेम सेल्स, ज्यांच्यातून नवा केस घडतो) जाऊन भिडते. थंडी लांबली तर तीच तार त्या पेशींना जागं करते आणि नवा केस उगवायला लागतो. स्नायू काढून टाकला, तर तारही मागे सरते.

आता भावनेकडे. 1884 मध्ये विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने उलटा विचार मांडला: शरीरात बदल आधी होतात आणि त्यांची जाणीव म्हणजेच भावना. वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाला हे पटलं नाही. 1927 मध्ये त्याने दाखवून दिलं की धडधड, घाम, उभे राहिलेले केस हे बदल भीतीत होतात, रागात होतात, थंडी वाजल्यावर आणि ताप चढतानाही होतात. मग नुसत्या काट्यावरून भावना ओळखणार कशी? मला कॅननचं म्हणणं जास्त पटतं, आणि त्याला जुना साक्षीदारही आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भावांपैकी, म्हणजे भावनेमुळे शरीरावर आपोआप उमटणाऱ्या खुणांपैकी, एक रोमांच, म्हणजेच काटा. त्याची कारणं भरताने दिली आहेत ती अशी: स्पर्श, भय, शीत, हर्ष, क्रोध आणि रोग. ही यादी नटांसाठी होती, पण त्यातली चार कारणं तर कॅननच्या यादीतही आहेत.

सहांपैकी खरं कोडं हर्षाचं आहे. 1953 पासून पुण्यात भरणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवात, शाल-मफलर गुंडाळून बसलेल्या श्रोत्यांत, थंडीचा काटा कुठला आणि गाण्याचा कुठला हे त्वचेकडे बघून कळायचं नाही. विलंबित ख्यालात गायक आलापात दूरवर जातो, आवर्तन संपत येतं, मुखडा उचलला जातो. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे पडणार हे कानसेनाला पक्कं माहीत असतं, तरी समेवर 'वा!' निघतेच. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात 2011 साली मेंदूची चित्रं घेऊन याच्याशी जुळणारी गोष्ट दिसली. अंगावर शहारा येण्याच्या काही क्षण आधी, म्हणजे वाट बघताना, मेंदूतल्या कॉडेट या भागात डोपामिन हे सुखाशी जोडलेलं रसायन स्रवतं. ऐन शहाऱ्याला ते न्यूक्लियस अॅकम्बन्स या दुसऱ्या भागात वाढतं. म्हणजे चाहूल आणि भेट यांचा हिशेब मेंदू वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतो.

त्याआधी, 1980 साली, अॅव्हराम गोल्डस्टीन यांनी स्टॅनफर्डमध्ये दहा जणांना नालोक्सोन टोचून गाणं ऐकवलं होतं. अफूचा आणि मेंदूतच तयार होणाऱ्या अफूसारख्या द्रव्यांचा परिणाम अडवणारं हे औषध. तिघांचे शहारे कमी झाले, बाकीच्यांना फरक पडला नाही. इतक्या छोट्या प्रयोगावर मोठा निष्कर्ष काढू नये, पण सगळं श्रेय डोपामिनला द्यायला मन धजत नाही ते यामुळे.

मॅकगिलच्या संशोधकांनी एक युक्ती चांगली केली होती. ज्या संगीताने हमखास शहारा येतो ते घेऊन या, असं प्रत्येकाला सांगितलं आणि एकाने आणलेलं दुसऱ्याला ऐकवलं. त्या दुसऱ्याला ते सपक वाटलं, तर त्याच्यासाठी तुलनेला तेच वापरलं. सवाईच्या मांडवाबाहेर बटाटेवडा खाताना 'आज काय गायला!' आणि 'छे, रंगलंच नाही' असा वाद घालणारे दोघेही मग खरंच बोलत असतात.