मोठ्या व्हिडिओवरच स्क्रिप्ट हँग का होते?

पायथॉन स्क्रिप्टमधून एफएफएमपेग हा व्हिडिओ रूपांतराचा प्रोग्राम चालवून व्हिडिओ लहान करायचा आहे. दोन मिनिटांच्या क्लिपवर सगळं सुरळीत चालतं, तासाभराच्या व्याख्यानावर मात्र स्क्रिप्ट मध्येच थिजते. एरर नाही, सीपीयूही थंड. मग कोणी रॅम वाढवतं, कोणी जागोजागी ‘स्लीप’ (थोडा वेळ थांबण्याची सूचना) पेरतं. हे निव्वळ गंडेदोरे आहेत. खरी अडचण पाइपमध्ये आहे.

पाइप ही युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये १९७३ साली केन थॉम्पसनने आणलेली सोय. बाहेरच्या प्रोग्रामचं आउटपुट पाइपमधून पायथॉनकडे येतं. पाइप म्हणजे कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, मेमरीतली छोटी टाकी; लिनक्सवर ती सहसा ६५,५३६ बाइटची, म्हणजे ६४ केबीची असते. टाकी भरली की कर्नल लिहिणाऱ्याला झोपवतो, समोरच्याने उपसा केला की उठवतो. एक बाइटही सांडत नाही. वेगवान आणि संथ प्रोग्राम एकमेकांना जोडता येतात ते या शिस्तीमुळेच. फार देखणी रचना आहे ही.

एफएफएमपेग दर अर्ध्या सेकंदाला प्रगतीची एक ओळ स्टँडर्ड एररवर (एरर आणि सूचनांसाठीच्या वेगळ्या वाटेवर) लिहितं. ओळ ९० बाइटची धरली, तर सेकंदाला १८० बाइट होतात आणि सहाएक मिनिटांत टाकी काठोकाठ भरते. इकडे तुम्ही बाहेरचा प्रोग्राम सुरू करणाऱ्या ‘पोपेन’ला ‘एसटीडीएरर’, म्हणजे हीच स्टँडर्ड एरर, पाइपमध्ये सोडायला सांगून थेट ‘वेट’ (प्रोग्राम संपेपर्यंत थांब) लिहिलेलं असतं. पायथॉन एफएफएमपेग संपायची वाट बघतो, एफएफएमपेग टाकी रिकामी व्हायची. प्रोग्राम कर्नलकडे काय मागतो ते दाखवणारं ‘एसट्रेस’ दोघांना लावून पाहा: एक ‘वेट४’मध्ये अडकलेला दिसेल, दुसरा ‘राइट’मध्ये.

‘वेट’ऐवजी ‘कम्युनिकेट’ वापरा. ते आउटपुट आणि एरर, दोन्ही टाक्या एकाच वेळी उपसत राहतं. ‘सबप्रोसेस.रन’ आतून हेच करतं. फक्त एकच टाकी आधी संपेपर्यंत वाचत बसलात, तर दुसरी भरून तोच घोळ होतो. ‘कम्युनिकेट’ सगळं मेमरीत साठवतं, म्हणून आउटपुट जीबींमध्ये असेल तर ते फाइलमध्ये सोडा. नकोच असेल तर ‘डेव्हनल’मध्ये, म्हणजे सगळं टाकून देणाऱ्या जागेत.

कमांड एका लांब स्ट्रिंगऐवजी लिस्ट म्हणून द्या. नाहीतर शेल (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) ‘गणपती विसर्जन.एमपी४’ची दोन नावं करतं, आणि नावात अर्धविराम असला तर पुढचा भाग कमांड समजून चालवतं. ‘सबप्रोसेस.रन’मध्ये ‘चेक=ट्रू’ही लिहा; ते नसेल तर एफएफएमपेग १ हा एक्झिट कोड (संपताना दिलेला आकडा; शून्य नसेल तर चूक) देऊन पडलं तरी स्क्रिप्ट पुढे जाते आणि अर्धवट फाइल पुढच्या पायरीला देते.