मातीचं रोमन डुक्कर: खुळखुळा की नवसाची मूर्ती?

संग्रहालयात काचेमागे खुळखुळा आणि नवसाची मूर्ती दोन्ही सारखीच दिसतात: आतून पोकळ, भाजलेल्या मातीचं, तळहातावर मावेल एवढं डुक्कर. घडवण्याची रीतही एकच. साच्याच्या दोन भागांत माती बोटांनी दाबायची, जरा टणकली की दोन्ही अर्धुकं पातळ चिखलाने जोडायची, वर आलेला सांधा खरवडायचा. (आपल्याकडे धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावच्या सातवाहनकालीन मूर्तींतही असा दुहेरी साचा दिसतो.)

खुळखुळ्यात जोडण्यापूर्वी खडे किंवा मातीच्या गोळ्या टाकतात. गोळ्या ओल्या असल्या तर आतल्या भिंतीला चिकटतात आणि खुळखुळा मुका होतो. त्याला मोठं भोक चालत नाही, खडेच बाहेर पडतील. फार तर बारीक छिद्र किंवा चीर. मूर्तीच्या पाठीवर किंवा पोटाखाली मात्र बोट जाईल एवढं भोक कापलेलं असतं, कधी तळच उघडा ठेवलेला असतो. हे भोक वाळवणीसाठी आणि वाफेसाठी. मातीत राहिलेल्या पाण्याची भट्टीत 100 अंशांपुढे झपाट्याने वाफ होते आणि भिंत तडकते. कोंडलेल्या हवेने मूर्ती फुटते असं सर्रास सांगतात, पण खरा दोष ओलीचा असतो. म्हणून बंद खुळखुळा सावकाश, पुरता वाळवूनच भाजावा लागे.

आवाजावर विसंबू नये. मूर्तीत शिरलेल्या मातीची सुकून ढेकळं होतात आणि तीही खुळखुळतात. हलवून पाहणं तर टाळाच. जुना सांधा तेवढ्याने उकलतो. एक्स-रे काढावा: गोळ्या गोलसर आणि साधारण सारख्या दिसतात, ढेकळं वेडीवाकडी.

सापडल्याची जागा कळली तर मोठा आधार, पण निर्णय तिथेही होत नाही. सेरेस या धान्याच्या रोमन देवीला डुकरीण बळी देत, त्यामुळे देवळात वाहिलेल्या वस्तू पुरायच्या खड्ड्यातलं मातीचं डुक्कर नवसाचं मानणं रास्त आहे. पण लहान मुलाच्या थडग्यात दोन्ही प्रकार ठेवले जात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सायप्रसहून आलेले डुकराच्या आकाराचे खुळखुळे आहेत. अशा जुन्या संग्रहांतल्या कितीतरी वस्तूंची नेमकी जागा नोंदलेलीच नसते.

तेव्हा फलकावर 'खेळणं' न लिहिता 'डुकराच्या आकाराचा खुळखुळा' लिहावं. आणि भोकाच्या डुकराला 'नवसाची मूर्ती' न म्हणता 'प्राणीमूर्ती' म्हणावं, कारण सॅटर्नेलियाच्या सणात रोमन लोक मातीच्या लहान मूर्ती एकमेकांना भेटही देत.