लॅम्ब्डा म्हणजे शेवटची स्टेज नव्हे

"काय वो डॉक्टर, हे लॅम्ब्डा म्हंजे शेवटची स्टेज व्हय?"

कोल्हापूरजवळच्या शिरोलीत, लोखंड ओतणाऱ्या फाउंड्रीत उभा जन्म मोल्डिंगवर काढलेले मामा विचारत होते. कंबर धरली म्हणून वर्षभर तेल चोळलं, मग हिमोग्लोबिन ९ वर आलं आणि तपासण्यांत मायलोमा हा अस्थिमज्जेतला कर्करोग निघाला. रिपोर्टातल्या 'आयजीजी लॅम्ब्डा' या शब्दांखाली पोरानं पेनानं दोनदा रेघ ओढलेली.

"न्हाई मामा. तो तुमच्या मालाचा पॅटर्न नंबर आहे."

मटणाची नळी ठोकून आतला जो मऊ ऐवज आपण चोखतो, ती अस्थिमज्जा. माणसाच्या मज्जेत प्लाझ्मा पेशी असतात आणि त्या प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, ओततात. प्रत्येक पेशीचा साचा वेगळा, म्हणून रक्तात नाना तऱ्हेची प्रतिपिंडं. मायलोमात एकाच पेशीची पिलावळ माजते आणि रात्रंदिवस एकच कास्टिंग पडत राहतं. इलेक्ट्रोफोरेसिस म्हणजे विजेच्या जोरावर प्रथिनं वेगळी करणारी तपासणी. तिच्या आलेखात पन्हाळ्यासारखं पसरट टेकाड दिसायला हवं, तिथं देवळाच्या कळसासारखा सुळका उभा राहतो. हेच एम प्रोटीन.

प्रतिपिंडात दोन जड साखळ्या, दोन हलक्या. जड साखळ्यांचे प्रकार पाच: जी, ए, एम, डी, ई. त्यांच्यापुढं लागणारं 'आयजी' म्हणजे प्रतिपिंडच. हलक्यांचे दोनच: कप्पा आणि लॅम्ब्डा. मायलोमाची जात या जोडीवरून ठरते. साधारण निम्मे रुग्ण आयजीजीचे, पाचातला एक आयजीएचा. डी एक-दोन टक्के, ई तर नावापुरताच. आयजीएम दिसलं तर बरेचदा वाल्डेनस्ट्रॉम नावाचा वेगळाच आजार निघतो.

मला जास्त धास्ती वाटते ती हलक्या साखळीच्या मायलोमाची. १०० मध्ये १५ ते २० रुग्ण या जातीचे. इथं जड साखळी बनतच नाही, सुटे हलके पार्ट तेवढे बाहेर पडतात. ते इतके लहान की मूत्रपिंडाच्या चाळणीतून सहज निसटतात आणि पुढच्या बारीक नळ्यांत थिजून बसतात. नळीच्या आकाराच्या त्या गोळ्याला वैद्यकातही 'कास्ट'च म्हणतात. हे ऐकून मामा पहिल्यांदा हसले.

घात असा, की लघवीत बुडवायची साधी पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन या रक्तातल्या नेहमीच्या प्रथिनाला रंग बदलते, या साखळ्यांना नाही. लघवीतून प्रथिन वाहतंय आणि पट्टी म्हणते 'निल'! १८४० च्या दशकात लंडनचे डॉक्टर हेन्री बेन्स जोन्स यांना अशीच एक लघवी तपासायला आली. तापवली की त्यातलं प्रथिन साकळायचं, उकळली की विरघळायचं, निवली की परत दिसायचं. आज त्यासाठी २४ तासांच्या लघवीचं इलेक्ट्रोफोरेसिस किंवा रक्तातली फ्री लाइट चेन, म्हणजे सुट्या हलक्या साखळ्यांची, तपासणी करतात.

काही थोड्या रुग्णांत रक्त-लघवी दोन्हीकडे काहीच सापडत नाही. तिथं मज्जेची तपासणी आणि स्कॅन यांवरच भिस्त.

ही झाली जात. आजार किती पेटलाय, हा प्रश्न वेगळा. एम प्रोटीन डेसीलिटरमागे ३ ग्रॅमच्या आत, मज्जेत प्लाझ्मा पेशी १० टक्क्यांच्या आत आणि कुठं इजा नाही, तर त्याला एमजीयूएस म्हणतात, ही मायलोमाच्या आधीची पायरी. त्यातले वर्षाला सुमारे एक टक्काच पुढं सरकतात. मधला टप्पा धुमसता मायलोमा, राखेखालच्या निखाऱ्यासारखा. कॅल्शियम वाढलं, मूत्रपिंड दमलं, रक्त उतरलं किंवा हाडांना भोकं पडली, की मायलोमा पेटला म्हणायचं. २०१४ पासून नियम थोडा बदललाय: मज्जेत ६० टक्के किंवा जास्त प्लाझ्मा पेशी असल्या, तर इजेची वाट न बघता उपचार सुरू करतात.

आणि मामा विचारत होते ती स्टेज? ती २००५ च्या पद्धतीनुसार बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन आणि अल्ब्युमिन या रक्तातल्या दोन प्रथिनांवरून ठरते. २०१५ मध्ये त्यात एलडीएच हे रक्तातलं एन्झाइम आणि गुणसूत्रांतले बिघाड आले, उदाहरणार्थ १७ व्या गुणसूत्राचा तुटलेला तुकडा. कप्पा-लॅम्ब्डाचा त्यात कुठं उल्लेखही नाही.

मामांनी चष्मा पुसला. "नंबर कळला. आता माल किती पडलाय ते सांगा."

"एम प्रोटीन डेसीलिटरमागे ३.४ ग्रॅम. औषधं लागू पडली तर हा आकडा उतरत जाईल."

त्यांनी पोराच्या खिशातलं पेन काढलं आणि ३.४ च्या खाली रेघ ओढली.