स्वादुपिंडातली फसवी गाठ

स्वादुपिंड जठराच्या मागे, मणक्याला टेकून असते. बाहेरून हात लावून तिथली गाठ सहसा कळत नाही, त्यामुळे पूर्वी ती नेमकी कसली हे पोट उघडल्यावरच समजे. स्वादुपिंडाचे डोके काढण्याची शस्त्रक्रिया ॲलन व्हिपल यांनी १९३५ साली मांडली. पुढची कित्येक दशके ती जिवावरचीच होती. म्हणून आधीच निदान होण्याला इतके मोल आहे: निरुपद्रवी गाठीसाठी एवढी मोठी शस्त्रक्रिया सोसावी लागणे ही रुग्णाची खरी हानी आहे.

१९७८ मध्ये कॉम्पान्यो आणि ओर्टेल या पॅथॉलॉजिस्टांनी स्वादुपिंडातल्या सिस्टची, म्हणजे आत द्रव भरलेल्या गाठींची, स्पष्ट विभागणी केली. पाण्यासारख्या द्रवाची गाठ बहुधा निरुपद्रवी, तर चिकट श्लेष्म्याची गाठ पुढे कर्करोगाकडे वळू शकणारी. आजचे निदान अजूनही याच भेदाभोवती फिरते.

पण या विभागणीत न बसणारी एक दुर्मिळ गाठ १९८५ साली ल्यूश्ट्रात आणि श्रीफर्स यांनी जर्मन भाषेत नोंदवली. मानेत जन्मजात आढळणाऱ्या एका सिस्टसारखी ती दिसत होती. दोन वर्षांनी ट्रुआँग आणि सहकाऱ्यांनी तिला ‘लिम्फोएपिथेलियल सिस्ट’ म्हटले. आतून त्वचेसारख्या चपट्या पेशींचे अस्तर, त्याखाली लसिका ऊतींचा (रोगप्रतिकारक पेशींनी भरलेल्या ऊतींचा) दाट थर आणि पोकळीत केराटिनचा, म्हणजे त्वचेत व नखांत असणाऱ्या प्रथिनाचा, लगदा, अशी तिची रचना. ती मुख्यतः मध्यमवयीन आणि वयस्क पुरुषांत आढळते. ती उगवते कशी, याबद्दल एकमत नाही. लसिकाग्रंथीत अडकलेल्या स्वादुपिंडाच्या पेशींपासून, हे त्यातले एक मत.

ती फसवते, तेही एकाच वेळी दोन अंगांनी. लगदा घट्ट असल्याने सीटी स्कॅनवर गाठ भरीव भासू शकते. शिवाय कोप्रोव्स्की यांच्या गटाने १९७९ मध्ये शोधलेले सीए १९-९ हे कर्करोगात वाढणारे रक्तातले चिन्ह या निरुपद्रवी गाठीतही वाढू शकते. २००४ पासून गाठीतल्या द्रवातल्या सीईए या प्रथिनाच्या पातळीसाठी मिलिलिटरला १९२ नॅनोग्रॅम ही सीमारेषा वापरात आली. ती ओलांडली की श्लेष्म्याची गाठ समजायची. लिम्फोएपिथेलियल सिस्ट मात्र तीही ओलांडू शकते! प्रतिमा आणि आकडे दोन्ही एकच चुकीची दिशा दाखवत असतील, तर डॉक्टरांना दोष कसा द्यायचा?

वाट निघाली ती सुईतून. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एंडोस्कोपिक सोनोग्राफीने (तोंडावाटे आत घातलेल्या नळीच्या टोकावरील सोनोग्राफीने), जठरातून किंवा लहान आतड्यातून, थेट गाठीत सुई घालता येऊ लागली. नमुन्यात केंद्रक नसलेल्या चपट्या पेशी, केराटिन आणि लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) एकत्र दिसले, तर या गाठीची शंका बळावते. निदान पक्के असेल आणि त्रास नसेल, तर नुसती देखरेखही पुरते.

तरी सुईचाही शब्द अखेरचा नाही. चपट्या पेशी डर्मॉइड सिस्टमध्ये (त्वचेचे घटक असलेल्या गाठीत) आणि अतिरिक्त प्लीहेतल्या, म्हणजे मूळ प्लीहेपासून (स्प्लीनपासून) वेगळ्या राहिलेल्या तिच्या ऊतीतल्या, एपिडर्मॉइड सिस्टमध्येही मिळतात. ही दुसरी गाठ १९८० मध्ये प्रथम नोंदली गेली. ती बहुधा स्वादुपिंडाच्या शेपटाकडे असते आणि तिच्यातही सीए १९-९ वाढू शकते. तिच्या भिंतीतला भरीव भाग स्कॅनवर प्लीहेसारखाच उजळतो, आणि उष्णतेने इजा केलेल्या लाल पेशींना टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्य लावून केलेली तपासणी प्लीहेची ऊती ओळखायला मदत करते. मात्र अशाच चपट्या पेशी ॲडेनोस्क्वेमस या आक्रमक कर्करोगातही असतात. तिथे त्यांची केंद्रके विकृत दिसतात, आणि पुरेसा नमुना हाती आला तरच तो फरक कळतो.