चेंबरमध्ये नाक का झोंबतं, आणि दार उघडं का ठेवू नये

मार्केटमधून माल बघायला तुर्भ्याला आमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये येणाऱ्या व्यापारी मंडळींचा नेहमीचा प्रश्न: ‘आत गेलं की नाक झोंबतं, पाणी गळतं. अमोनिया लीक आहे का?’

अमोनिया म्हणजे चेंबर गार ठेवणाऱ्या यंत्रणेतला वायू. त्याला उग्र वास असतो. थोडा जरी सुटला तरी तो नाकाला कळतो, डोळेही चुरचुरतात. तसं जाणवलं तर विचारत थांबू नका, तडक बाहेर या आणि सुपरवायझरला सांगा. वास काहीच नाही, नुसतं झोंबतंय, तर ती थंडी आहे.

शरीराच्या 37 अंशांना एक घनमीटर हवेत 44 ग्रॅम वाफ मावते. सफरचंदाच्या चेंबरमध्ये, शून्याच्या आसपास, जेमतेम 5 ग्रॅम. फ्रोझन वाटाण्याच्या चेंबरमध्ये, उणे 18 अंशांत, तर साधारण एकच ग्रॅम. हवा छातीत पोचेपर्यंत ही तूट नाकाला भरून काढावी लागते. त्यासाठी आतल्या रक्तवाहिन्या फुगतात, म्हणून नाक चोंदतं. ग्रंथी पाणी सोडतात, म्हणून ते गळतं. उच्छ्वासातली वाफ थंड नाकपुडीत निवून थेंब धरते, ती वेगळीच. ही सर्दी नव्हे. बाहेर आल्यावर थोड्या वेळात थांबते. मात्र चोंदलं म्हणून तोंडाने श्वास घेऊ नका. कोरडी गार हवा सरळ खाली उतरते आणि खोकल्याची ढास लागते. दमा असलेल्यांनी फ्रोझनच्या चेंबरमध्ये जाऊच नये, त्यांच्या पेट्या आम्ही बाहेर आणून दाखवू.

आता खरी अडचण. नाक पुसायला माणूस बाहेर येतो, ‘आलोच’ म्हणत दाराला पेटी लावतो आणि पट्ट्यांचा पडदा वर गुंडाळून ठेवतो. दोन मिनिटांत बाहेरची दमट हवा आत शिरते, पावसाळ्यात तर विचारूच नका. तिची वाफ कॉइलवर, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांवर, बर्फ होऊन बसते. पंख्याचा वारा अडतो, बर्फ वितळवायला डिफ्रॉस्ट लावावा लागतो, आणि तोवर त्या चेंबरची डिलिव्हरी बंद. टेम्पो बाहेर खोळंबतात, त्यात तुमचाही असतो. फळावर पाणी सुटतं ते वेगळं.

‘माल आमचा आणि आम्हालाच आत सोडत नाहीत’ असं काही जण म्हणतात. सोडतो, पण जॅकेट आणि मास्क घालूनच. दोन्ही चेंबरबाहेरच्या खोलीत, अँटीरूममध्ये, टांगलेले असतात, त्याचे पैसे लावत नाही. मास्कमध्ये आपल्याच श्वासाची ऊब आणि ओल अडकते, पुढचा श्वास तीच परत घेतो. नाकाचं निम्मं काम तिथेच होतं. ओला झाला की बदलून मागा. रुमाल आधीच खिशात ठेवा, नाक आतच पुसा, आणि काम उरकूनच बाहेर या.

नुसता दर्जा बघायचा असेल तर आत जायचीही गरज नाही. लॉट नंबर आदल्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर टाका. सांगाल त्या थरातल्या पेट्या सकाळी अँटीरूममध्ये काढून ठेवतो. तिथे गारवा बेताचा असतो, उजेड चांगला आहे आणि पेटी फोडून बघायला टेबलही आहे.