निगेटिव्हमध्ये तपशील किती, ते एफ/३२ ठरवतं

‘दोनशे मेगापिक्सेलचा मोबाइल घ्या, जुन्या निगेटिव्हचा फोटो काढा, झालं काम!’ असा सल्ला सध्या साताऱ्यातल्या हौशी फोटोग्राफर मंडळींमध्ये फिरतोय. ज्यांच्या कपाटात भात्याच्या कॅमेऱ्यावर काढलेल्या मोठ्या शीट फिल्म (एका फोटोला एक सुटी फिल्म) आहेत, त्यांनी तो मनावर घेऊ नये. कासचं पठार, ठोसेघरचा धबधबा, सज्जनगडावरून दिसणारं उरमोडीचं खोरं अशी दृश्यं चार बाय पाच इंचांच्या फिल्मवर असतील, तर साधा २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम कॅमेरा आणि अगदी जवळून टिपणारी एक मॅक्रो लेन्स पुरते. मात्र किती जवळून टिपायचं हे गणिताने ठरवावं लागतं, आणि ते गणित फार सुंदर आहे.

कासवर भात्याचा कॅमेरा लावणाऱ्याला पुढ्यातला तेरडाही स्पष्ट हवा असतो आणि क्षितिजावरची डोंगररांगही. या आकाराच्या फिल्मला नेहमीची लेन्स १५० मिलिमीटरची. तिची स्पष्टतेची खोली, म्हणजे जवळ-दूरचा जेवढा पट्टा एकाच वेळी स्पष्ट येतो तो, मुळात कमी. लेन्स झुकवून सपाट जमीन सांभाळता येते, पण वर उठलेलं झाड किंवा कडा त्यात बसत नाही. मग अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, बारीक करत एफ/२२, एफ/३२ पर्यंत जावं लागतं; हा एफ-क्रमांक जितका मोठा, तितकं छिद्र बारीक.

इथे प्रकाशाचा तरंगस्वभाव आडवा येतो. तलावातल्या लाटा बांधाच्या फटीतून गेल्या की पलीकडे पसरतात, तसा प्रकाशही बारीक छिद्रातून जाताना पसरतो. हेच विवर्तन. त्यामुळे लेन्स कितीही निर्दोष असली तरी बिंदूची प्रतिमा बिंदू उमटत नाही. एक छोटी तबकडी उमटते, भोवती फिकट कडी. जॉर्ज एअरी या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने १८३५ मध्ये तिचं गणित मांडलं. तबकडीचा व्यास म्हणजे २.४४ गुणिले तरंगलांबी गुणिले एफ-क्रमांक. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धरली, तर एफ/३२ ला व्यास येतो ४३ मायक्रॉन. शेजारच्या दोन तबकड्यांच्या केंद्रांत याच्या निम्मं, म्हणजे साधारण २१ मायक्रॉन अंतर असेल तोवर त्या वेगळ्या ओळखू येतात. त्याहून जवळ आल्या की एकजीव. फिल्मवरच्या तपशिलाची ही हद्द शटर दाबलं त्या क्षणीच ठरली. पुढे कितीही पिक्सेल ओता, ती सरकत नाही.

आता आपला कॅमेरा. २१ मायक्रॉनचा तपशील पकडायचा तर पिक्सेलने फिल्मवर त्याच्या निम्मी, म्हणजे दहा-बारा मायक्रॉन जागा व्यापायला हवी. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरवर २४ मेगापिक्सेल म्हणजे एक पिक्सेल ६ मायक्रॉनचा. अख्खी फिल्म एका फ्रेममध्ये घेतली, तर एका पिक्सेलच्या वाट्याला फिल्मवरचे २४ मायक्रॉन येतात; बारीक तपशील गेला. मूळ आकारात, म्हणजे सेन्सरवर फिल्मएवढीच प्रतिमा पडेल असं टिपलं तर ६. गरजेच्या दुप्पट बारीक, आणि तुकडे पंचवीस-तीस. अर्ध्या आकारात टिपलं की बरोबर १२.

पण निगेटिव्ह टिपणाऱ्या लेन्सचंही स्वतःचं विवर्तन असतं, आणि नेमकं हेच विसरलं जातं. जवळून टिपताना एफ-क्रमांक प्रत्यक्षात वाढतो. लिहिलेल्या आकड्याला एक अधिक वर्धन याने गुणायचं; वर्धन म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा फिल्मच्या किती पट, अर्ध्या आकाराला ०.५. अर्ध्या आकाराला एफ/१६ म्हणजे खरं तर एफ/२४. त्याची तबकडी सेन्सरवर ३२ मायक्रॉन, फिल्मच्या मापात ६४. कासवर पडलेल्या ४३ च्या तबकडीवर आपण घरात बसून ६४ ची चढवली! एफ/५.६ ला हाच आकडा साडेबावीसच्या आसपास राहतो. म्हणून एफ/५.६.

त्याची किंमत अशी, की स्पष्टतेची खोली जेमतेम ०.८ मिलिमीटर उरते. फिल्म आणि सेन्सर अगदी समांतर हवेत. फिल्मच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवा आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघा: लेन्सचं स्वतःचंच प्रतिबिंब दिसेल, काळ्याभोर बुबुळासारखं. ते फ्रेमच्या बरोबर मध्यावर येईपर्यंत कॅमेरा हलवा. आरसा काढा, फिल्म ठेवा, आता स्टँडला हात नको. फिल्म एलईडी पॅनलपासून दोन-तीन सेंटिमीटर वर धरावी, म्हणजे पॅनलचे ठिपके आणि त्यावरची धूळ चित्रात उतरत नाही.

अर्ध्या आकारात एका फ्रेममध्ये ७२ बाय ४८ मिलिमीटर फिल्म बसते. आडवे दोन, उभे तीन असे सहा तुकडे. शेजारचे तुकडे साधारण २४ मिलिमीटर एकमेकांवर येतात. एक्स्पोजर आणि फोकस मॅन्युअल ठेवून कॅमेऱ्याऐवजी फिल्म सरकवा. सॉफ्टवेअरने जोडल्यावर अंदाजे १०,००० बाय ८,००० पिक्सेलचं चित्र मिळतं.

‘एआयने तपशील वाढवून देतो’ म्हणणाऱ्यांना ही फाइल देऊ नका. एआय तपशील शोधत नाही, रचतं. तबकडीत विरघळलेल्या फुलाला ते सुबक पाकळ्या काढून देईल, आणि उद्या कोणी जुनं कास आणि आजचं कास शेजारी ठेवून बघू लागलं, तर तिथे कधीच न फुललेली फुलं मोजेल.

हे काम पावसाळ्यात काढू नका. साताऱ्याच्या दमट हवेत फिल्मवरचं जिलेटिन ओलावा धरतं, फिल्म वळते आणि ०.८ मिलिमीटरचा हिशेब तिथेच कोलमडतो. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की बसा, हाताशी धूळ उडवायचा रबरी फुगा ठेवा, आणि टिपून झालेली निगेटिव्ह कागदी पाकिटात घालून कोरड्या जागी परत ठेवा.