तुम्ही दिवेकर म्हणजे कुठले?

मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १७९६ साली मांडवी भागात उभं राहिलं. ते बांधलं कंपनी सरकारच्या फौजेतल्या एका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या, अधिकाऱ्याने, सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी. कोकणी मराठीच्या वळणावर ते समाजी हसाजी दिवेकर. गाव दिवेआगर. त्याच दिवेआगरावरून आडनाव घेतलेली चित्पावन दिवेकर घराणीही आहेत. मग हे सारे एका मूळ पुरुषाचे वंशज का? मुळीच नाहीत.

इंग्लंडमध्ये हे बरंच वेगळं आहे. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, आणि आडनावही. त्यामुळे ॲटनबरोसारखं दुर्मीळ आडनाव लावणाऱ्यांचे नमुने लेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासले, तेव्हा ७० टक्क्यांहून अधिक पुरुषांचं वाय गुणसूत्र एकसारखं किंवा जवळपास तसंच निघालं. आडनाव दुर्मीळ, म्हणजे ते सुरू करणारे थोडे, बहुधा एकच. स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार गावोगाव. तिथे असं साम्य दिसत नाही.

आपलं 'कर' या दोन्हींत बसत नाही. पेणमध्येच राहणाऱ्याला पेणकर म्हणून काय साधणार? तिथे सगळेच पेणचे. गाव सुटलं, मुंबईत चाळीत किंवा पलटणीत बिऱ्हाड पडलं, की लोक विचारतात, 'कुठले तुम्ही?' त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे हे आडनाव. ते माती सांगतं, रक्त सांगत नाही. म्हणून एका गावाच्या नावाखाली निरनिराळ्या जातिधर्मांची घरं नांदतात.

वंश शोधायला 'कर' कच्चं असलं, तरी नकाशा म्हणून ते फार मोलाचं आहे. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, झिराडकर, नागावकर, केहिमकर, नवगावकर, चेऊलकर ही बेने इस्रायली आडनावं नकाशावर मांडून पाहा. सगळी आजच्या रायगड जिल्ह्यात येतात: अलिबागचा किनारा, पेण, रोहा. हिंदी सिनेमातले नट डेव्हिड हे यातलेच चेऊलकर, म्हणजे चौलचे. गलबत फुटून सात जोडपी नवगावच्या किनाऱ्याला लागली, अशी या समाजाची परंपरागत कथा. ही मंडळी तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत.

रक्ताची गोष्ट मात्र जनुकांनाच विचारावी लागते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बेने इस्रायलींमध्ये मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि भारतीयांचा असा दुहेरी वारसा आढळला. ही सरमिसळ साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीची. ज्यू वारसा पितृपक्षाकडून अधिक, भारतीय वारसा मातृपक्षाकडून. पेणकर हे आडनाव यातलं काहीच सांगू शकलं नसतं.

१९४८ नंतर यातली बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. दिमोना, अश्दोद, लोद, बेरशेबा इथे वसली. मला वाटतं, 'कर'चा खरा कस तिथे लागतो. महाराष्ट्रात पेणकर कुठल्याही समाजाचा असू शकतो. दिमोनात तो कोण, हे सहसा विचारावं लागत नाही. हिब्रूत न आणि ण यांना वेगळी अक्षरं नाहीत, म्हणून लिहिताना तो पेनकर होतो. 'कर' तेवढं तसंच राहतं.